श्लोक कोणाचा? : संगणकीय साधने आणि विद्यार्थ्यांची विद्यानिष्ठा

दर गुरुवारी सायंकाळी रुग्णांची गर्दी ओसरल्यावर माझ्या दवाखान्यात चार-पाच विद्यार्थी येतात. कोणी आंतरवासीय असतो, कोणी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा. एखादा रुग्ण, एखादा योग किंवा संहितेतील एखादा अध्याय घेऊन तास-दीड तास चर्चा होते. अशाच एका गुरुवारी एका विद्यार्थिनीने आपल्या शोधप्रबंधातील संहितासमीक्षेचे प्रकरण वाचावयास दिले. विषय आमवाताचा होता. भाषा सुबक, मांडणी नेटकी आणि शुद्धलेखनही निर्दोष. तिसऱ्या पानावर आमवाताची लक्षणे सांगणारा एक अनुष्टुभ् छंदातील श्लोक होता आणि त्याखाली संदर्भ होता : चरकसंहिता, चिकित्सास्थान, अध्याय 28.

वाचकांपैकी अनेकांच्या कपाळावर येथेच आठी पडली असेल. आमवाताचे स्वतंत्र व्याधी म्हणून सविस्तर निदान आपण माधवनिदानाच्या 25 व्या अध्यायात शिकलो. चरकाच्या वातव्याधी अध्यायात आमवाताची लक्षणे आली कोठून? मी कपाटातून वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली निर्णयसागरची प्रत काढली आणि तिला म्हणालो, "चल, दोघे मिळून शोधू." अध्याय आरंभापासून अखेरपर्यंत वाचला. श्लोक नव्हता. टीकेतही नव्हता. तिने खाली मान घालून सांगितले, "सर, मी संगणकाला विचारले होते. त्याने श्लोक दिला, अर्थ दिला, संदर्भही दिला. मला खराच वाटला."

मग अगदी निरागसपणे तिने पुढचे वाक्य उच्चारले. माझ्या मनात हा लेख लिहिण्याचे बीज पडले ते त्या वाक्याने. ती म्हणाली, "पण सर, मी प्रकरणाची जुळणी तपासून घेतली होती. त्या पानावर शून्य टक्के आले."

खरा सापडतो, खोटा सुटतो

या शून्याचा अर्थ आपण सर्वांनी समजून घेतला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये उच्च शिक्षणसंस्थांतील वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम प्रसिद्ध केले. त्यांत साम्याचे चार स्तर मानले आहेत. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. 10 ते 40 टक्के साम्य आढळल्यास प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करावा लागतो. 40 ते 60 टक्क्यांपर्यंत एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि 60 टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते. या विनियमांमागील हेतू निःसंशय चांगला आहे. तथापि साम्य मोजणारी संगणकप्रणाली एकच गोष्ट करते. समोरचा मजकूर तिच्या संग्रहातील मजकुराशी अक्षरशः किती जुळतो, हे ती पाहते. मजकूर खरा की खोटा, हे पाहणे तिचे कामच नव्हे.

परिणाम असा होतो की, ज्या विद्यार्थ्याने ग्रंथ उघडून खरा श्लोक जसाच्या तसा उतरवून घेतला, त्याच्या पानावर साम्य उमटते, कारण तो श्लोक शेकडो प्रबंधांत आधीच आलेला असतो. उद्धरणे मोजणीतून वगळण्याची तरतूद विनियमांत आहे. परंतु ती वगळली गेली नाहीत, तर हा प्रामाणिक विद्यार्थी धास्तावतो आणि श्लोक गाळतो किंवा त्याची मोडतोड करतो. याउलट यंत्राने नव्याने रचलेला श्लोक जगातील कोणत्याही ग्रंथाशी जुळत नाही, कारण तो कोणत्याच ग्रंथात नाही. त्याचे साम्य शून्य. खरा श्लोक सापडतो आणि खोटा सुटतो, अशी ही विपरीत अवस्था आहे.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर तशाच अनेक प्रणाली आल्या. त्यांचे कार्य थोडक्यात असे : प्रचंड मजकुरावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे हे त्या शिकतात आणि त्या संभवनीयतेनुसार वाक्ये रचतात. संहितेचा श्लोक कसा दिसतो, त्यात कोणती पदे येतात, शेवटी संदर्भ कसा लिहितात, हे सर्व त्यांना अवगत असते. म्हणूनच त्यांनी रचलेला श्लोक श्लोकासारखा भासतो. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर हा हेत्वाभासाच्या जातीचा ग्रंथाभास आहे. काही प्रणाली आता आंतरजालावर शोध घेऊन उत्तर देतात, त्यामुळे चुका कमी होतात. परंतु ग्रंथ उघडून पाहण्याचे कर्तव्य त्याने टळत नाही.

यंत्राने लिहिलेले यंत्राकडूनच ओळखवावे, असेही सुचविले जाते. चॅटजीपीटी निर्माण करणाऱ्या ओपनएआय या संस्थेनेच जानेवारी 2023 मध्ये असा ओळखक उपलब्ध केला होता आणि त्याची अचूकता अल्प असल्याचे सांगून त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तो मागे घेतला. अशा साधनाच्या एका आकड्यावरून विद्यार्थ्याला चोर ठरविणे अन्यायाचे होईल. राहता राहिला एकच मार्ग, आणि तो आपल्या परंपरेला नवा नाही. शिष्याला शेजारी बसवावे, ग्रंथ उघडावा आणि विचारावे, "हे वचन कोणाचे?"

श्रेय सांगण्याची आपली रीत

प्राचीन काळी ग्रंथकर्तृत्वाची जाणीव नव्हती, सर्वजण सर्वांचे घेत होते, असे काहीजण म्हणतात. विद्यार्थीही हे ऐकतात आणि त्याची ढाल करतात. वस्तुस्थिती तशी नाही.

चरकसंहितेचे 120 अध्याय आहेत. त्यांपैकी चिकित्सास्थानातील 17 अध्याय आणि कल्पस्थान व सिद्धिस्थान यांतील प्रत्येकी 12, असे एकूण 41 अध्याय आपल्याला उपलब्ध झाले नाहीत म्हणून ते आपण पूर्ण केले, असे दृढबलाने ग्रंथातच नोंदविले आहे. अनेक तंत्रांतून वेचून ही पूर्ती केली, हेही तो सांगतो. अग्निवेशाचे तंत्र, चरकाचे प्रतिसंस्करण आणि स्वतःची पूर्ती हे तिन्ही थर त्याने उघड ठेवले. जवळजवळ एकतृतीयांश ग्रंथ स्वतः सिद्ध करूनही त्याने संहितेवर आपले नाव चढविले नाही आणि आपली भर चरकाच्या नावाखाली लपविलीही नाही. त्याने 17 ही संख्या सांगितली, पण त्या अध्यायांची नावे मोजून दिली नाहीत. चिकित्सास्थानातील अध्यायांचा क्रम सर्व आवृत्त्यांत सारखा नसल्यामुळे ते 17 अध्याय कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. नोंद जितकी स्पष्ट, तितका पुढच्यांचा मार्ग सुकर, हा धडा यातूनच मिळतो.

अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताचे उदाहरण तर आजच्या चर्चेत अग्रभागी ठेवावे असे आहे. त्याचा चिकित्सासंग्रह, म्हणजे आपला चक्रदत्त, वृंदाच्या सिद्धयोगावर आधारलेला आहे आणि त्याने हे लपविलेले नाही. ग्रंथाच्या शेवटी तर त्याने शापवचन लिहून ठेवले आहे. सिद्धयोगापेक्षा येथे जे अधिक योग दिले आहेत, ते जो कोणी त्या ग्रंथात मिसळील किंवा या ग्रंथातून काढून टाकील, त्याच्या मस्तकी शाप पडो, असा त्याचा आशय आहे. कोणता योग वृंदाचा आणि कोणता आपला, ही सीमारेषा पुसली जाऊ नये याची ही केवढी काळजी!

सूत्रस्थानाच्या 26 व्या अध्यायातील रसविषयक संभाषा आठवावी. रस एकच, असे भद्रकाप्य म्हणतो. शाकुंतेय ब्राह्मण दोन, पूर्णाक्ष मौद्गल्य तीन, हिरण्याक्ष कौशिक चार, कुमारशिरा भरद्वाज पाच, राजर्षी वार्योविद सहा, वैदेह निमी सात, बडिश धामार्गव आठ. आणि बाल्हीक वैद्य कांकायन रस असंख्य आहेत असे मानतो. यांतील बहुतेक मते पुनर्वसू आत्रेयांनी स्वीकारली नाहीत. तरीही प्रत्येक मत त्याच्या धन्याच्या नावासह ग्रंथात राहिले. खोडून काढावयाच्या मताचेही श्रेय ज्याचे त्याला द्यावयाचे, ही ती शिस्त. तंत्रयुक्तींमध्ये 'अनुमत' या नावाने दुसऱ्याचे न खोडलेले मत स्वीकारण्याची स्वतंत्र युक्ती सांगितली आहे, तीही याच शिस्तीचा भाग होय.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याने अध्ययनापूर्वी प्रथम शास्त्राचीच परीक्षा करावी असे सांगितले आहे. लोकांत वैद्यांची नाना शास्त्रे प्रचलित असतात, म्हणून त्यांतून पारखून घ्यावे, हे त्याचे कारण. आज विद्यार्थ्याच्या हातातील भ्रमणध्वनीवर 'प्रचलित' असलेल्या मजकुराचा महापूर पाहिला, म्हणजे हा उपदेश आपल्याच काळासाठी आहे असे वाटते.

दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही

त्या गुरुवारी मी विद्यार्थिनीस बरेच ऐकविले. माझे बोलणे संपल्यावर कोपऱ्यात बसलेल्या एका आंतरवासीय विद्यार्थ्याने भीत भीत विचारले, "सर, एक विचारू का? आपल्या प्रतीक्षाकक्षात ऋतुचर्येचे पत्रक ठेवले आहे. ते आपण लिहिले आहे का?"

पत्रकाखाली माझे नाव होते. काही वर्षांपूर्वी घाईच्या दिवसांत आंतरजालावरील दोन ठिकाणचा मजकूर जोडून मी ते छापून घेतले होते. मूळ लेखक कोण, हे मी पाहिलेही नव्हते. त्या मुलाच्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच नियम समजून घ्यावयाचा होता. मी सांगितले, "नाही. ते मी लिहिलेले नाही आणि माझे नाव तेथे असावयास नको होते." उरलेली पत्रके दुसऱ्याच दिवशी काढून टाकली. पुढे अष्टांगहृदयाचा ऋतुचर्याध्याय समोर ठेवून नवे पत्रक स्वतः लिहिले आणि त्याखाली आधारग्रंथाचे नाव छापले.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, विद्यार्थी आपल्या व्याख्यानांपेक्षा आपल्या वागण्यातून अधिक शिकतात. व्याख्यानाची चित्रफीत दुसऱ्याची आणि नाव आपले, विद्यार्थ्याने लिहिलेल्या लेखावर पहिले नाव आपले, सभेतील भाषणात कोणाचे तरी अनुभव आपले म्हणून सांगणे, या गोष्टी आपल्या व्यवसायात अपरिचित नाहीत. हे पाहत वाढलेल्या पिढीला केवळ टक्केवारीचा धाक दाखवून उपयोग होणार नाही.

दुसरे असे की, आपण विद्यार्थ्यांकडून मागतो काय, याचाही विचार व्हावा. संस्कृताची तयारी बेताची, समोर टीकेसह संहिता, हातात ठरावीक मुदत आणि अपेक्षा मात्र जाडजूड प्रबंधाची! पाने मोजून गुण मिळतात असे दिसल्यावर पाने भरणारे यंत्र विद्यार्थी वापरणारच. 60 पानांची समीक्षा मागण्याऐवजी 12 पानांची मागावी आणि त्यांतील प्रत्येक ओळीचा जाब विचारावा. चोरी कमी होईल आणि अभ्यास वाढेल.

मर्यादा कोठे आखावी

संगणकीय साधने सरसकट निषिद्ध ठरविणे मला शहाणपणाचे वाटत नाही. विष आणि औषध यांतील भेद युक्तीचा आहे, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. मी विद्यार्थ्यांपुढे पुढीलप्रमाणे भेद मांडतो.

शोधण्यासाठी साधन वापरावे. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हैदराबाद येथील संस्थेने संहिता व निघंटू यांचे अंकीय पाठ सर्वांसाठी खुले केले आहेत. 'शोधगंगा' या संग्रहात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध वाचावयास मिळतात. पूर्वी जो शब्द शोधण्यास आठवडा लागे, तो आज काही क्षणांत सापडतो. यात कसलीही अप्रामाणिकता नाही. मात्र सापडलेले स्थान छापील आवृत्तीत उघडून पाहावे.

भाषा सुधारण्यासाठी साधन वापरल्यास तसे नमूद करावे. स्वतः लिहिलेल्या परिच्छेदातील व्याकरणाच्या चुका यंत्राकडून काढून घेणे आणि न लिहिलेला परिच्छेद यंत्राकडून लिहवून घेणे, यांत रुग्णाने वैद्याला नाडी दाखविणे आणि दुसऱ्याचीच नाडी दाखविणे इतके अंतर आहे.

भाषांतरासाठी वापरल्यास प्रत्येक द्रव्यनाम स्वतः तपासावे. 'ब्राह्मी' म्हटल्यावर कोठे बॅकोपा मोनिएरी अभिप्रेत असते, तर कोठे सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. 'शंखपुष्पी'च्या नावाखाली कोठे कॉन्व्हॉल्व्युलस, तर कोठे क्लायटोरिया. 'रास्ना' उत्तरेत प्लुचिया, तर दक्षिणेत बहुधा अल्पिनिया. यंत्र यांतील एक नाव निःशंकपणे देते आणि संदिग्धता होती हे सांगण्याची तसदी अनेकदा घेत नाही.

रुग्णाची निरीक्षणे, मोजमापे आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र यंत्राकडून कधीही घेऊ नये. येथे तडजोड नाही.

चार अभ्यास

उपदेशापेक्षा अभ्यास बरा, म्हणून आमच्या गुरुवारच्या बैठकीत आता चार गोष्टी नियमाने करतो. महाविद्यालयीन अध्यापकांना आणि आंतरवासीयांस शिकविणाऱ्या व्यावसायिकांना त्या सहज करता येतील.

पहिला अभ्यास पडताळणीचा. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यास एक वचन आणावे आणि त्याबरोबर चार गोष्टी सांगाव्यात : कोणत्या संपादकाची आवृत्ती, कोणते पान, काही पाठभेद आहे का आणि एका तरी टीकाकाराने त्यावर काय म्हटले आहे. कुंटे व नवरे यांनी संकलित केलेल्या आणि हरिशास्त्री पराडकर यांनी संपादिलेल्या अष्टांगहृदयाच्या निर्णयसागर आवृत्तीत अरुणदत्त आणि हेमाद्री या दोघांच्या टीका एकाच पानावर मिळतात, म्हणून आरंभ तेथून करणे सोयीचे पडते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेले पाठभेद वाचताना, संपादकाने एकेका अक्षरासाठी किती प्रती चाळल्या असतील, याची कल्पना विद्यार्थ्याला येते. त्यानंतर श्लोक मनाने रचण्यास हात धजत नाही.

दुसरा अभ्यास वापरनोंदीचा. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहावयाचे : कोणते साधन वापरले, त्याला काय विचारले, त्याने काय दिले, त्यांतील काय ठेवले आणि काय टाकले. टाकलेल्या गोष्टींची नोंद सर्वांत बोलकी असते, कारण विद्यार्थ्याची स्वतःची बुद्धी कोठे चालली हे तेथे दिसते.

तिसरा अभ्यास मौखिक. लिखाण मिटून ठेवावे आणि पाच मिनिटे त्याच विषयावर बोलावे. ज्याने वाचले आहे, तो अडखळला तरी मार्ग काढतो. ज्याने केवळ उतरविले आहे, तो पहिल्या 'का?' पाशीच थांबतो. अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा हे ज्ञानाचे तीन उपाय चरकाने सांगितले. तिसरा उपाय आपण परीक्षेपुरता उरविला आहे. तो पुन्हा रोजच्या शिक्षणात आणावा.

चौथा अभ्यास रुग्णपत्रकाचा. रुग्णासमोर बसून हाताने लिहावे, चूक झाल्यास एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती करावी, खाडाखोड लपवू नये. एकदा एका विद्यार्थ्याने आणलेल्या पत्रकांत ओळीने नऊ रुग्णांची जिव्हा 'साम', क्षुधा 'अल्प' आणि नाडी 78 होती. पहिले पत्रक खरे होते. उरलेल्या आठ पत्रकांत केवळ नाव आणि वय बदलले होते. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचीही गरज पडली नव्हती, संगणकावरील नक्कल करण्याच्या दोन कळा पुरेशा होत्या. तो विद्यार्थी वाईट नव्हता, दमलेला होता. परंतु त्या आठ रुग्णांपैकी एकाची नाडी 110 असती तर? येथे वाङ्मयचौर्य हा शब्द अपुरा पडतो. ही रुग्णाची फसवणूक आहे आणि तिचे फळ रुग्णच भोगतो.

याला जोडूनच गोपनीयतेचा विचार येतो. विद्यार्थी रुग्णाचे नाव, गाव, तपासण्यांचे अहवाल आणि क्वचित छायाचित्रही सरळ यंत्रापुढे ठेवतात आणि निदान विचारतात. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, हा उपदेश विमानस्थानात शिष्याच्या उपनयनप्रसंगीच केला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2023 मध्ये वैद्यकीय संशोधन व आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही रुग्णाची संमती आणि माहितीची सुरक्षितता यांवर भर आहे. रुग्णाची ओळख पटेल असे काहीही यंत्राला सांगावयाचे नाही, हा नियम विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी शिकावा.

औषधनिर्मात्यांस निवेदन

हा विषय महाविद्यालयांचा आहे, आपल्या कारखान्याशी त्याचा संबंध काय, असे औषधनिर्मात्या बंधूंना वाटू शकेल. परंतु आपल्याकडील माहितीपत्रके, लेबलांचा मजकूर आणि परवान्यासाठीच्या अर्जांची पूर्वतयारी बहुधा नव्याने पदवी घेतलेले वैद्यच करतात. विद्यार्थिदशेतील त्यांची सवय आपल्या उत्पादनापर्यंत पोहोचते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 नुसार शास्त्रोक्त औषध म्हणजे प्रथम अनुसूचीतील प्रमाणग्रंथांत वर्णिलेल्या पाठानुसारच तयार केलेले औषध. त्याच्या लेबलावर घटकद्रव्यांची यादी आणि प्रमाणग्रंथातील निर्माणविधीचा अधिकरणासह निर्देश असावा, असे नियम 161 सांगतो. स्वामित्व औषधांसाठीही 2010 मध्ये समाविष्ट झालेल्या नियम 158-ब अन्वये घटकांच्या उपयोगास ग्रंथाधार द्यावा लागतो. हे सर्व एका संदर्भाच्या ओळीवर उभे आहे. भैषज्यरत्नावलीतील अमुक अधिकार म्हणून यंत्राने दिलेला पाठ ग्रंथात नसेल किंवा त्यातील एखादे द्रव्य वा त्याचे प्रमाण बदललेले असेल, तर ते औषध शास्त्रोक्त उरत नाही. त्यात भल्लातक, वत्सनाभ किंवा एखादे रसकल्प असेल, तर प्रमाणातील चूक ही केवळ कागदावरची चूक राहत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक ग्रंथसंदर्भासोबत मूळ पानाची छायाप्रत मागावी. प्रमाणग्रंथांचा एक संच कार्यालयातच ठेवावा. नवीन वैद्याची नेमणूक करताना त्याला एक पाठ शोधून दाखवावयास सांगावा. एखाद्याने "मला हा संदर्भ सापडला नाही" असे प्रामाणिकपणे सांगितले, तर त्याच्यावर रागावू नये. त्याने आपले नुकसान टाळले आहे.

अखेरीस

त्या विद्यार्थिनीची तक्रार मी कोणाकडेही केली नाही. तिला तीन आठवडे दिले आणि एवढेच सांगितले, "खोटा श्लोक काढून टाकला की तेथे रिकामी जागा राहते. ती जागा कशाने भरावयाची, ते तू शोध."

पहिल्या आठवड्यात ती हिरमुसून आली. चरकाच्या अंकीय पाठात 'आमवात' हा शब्द तिने शोधला होता आणि हाती काहीच लागले नव्हते. मी विचारले, "आधीच्या पदाशी संधी झाला असेल, तर 'आ' कोठे उरेल?" ती क्षणभर थांबली आणि तिने 'मवात' एवढीच अक्षरे शोधली. 'समवात' यासारखी असंबद्ध पदे आली. पण त्यांबरोबरच शोथचिकित्सेतील कंसहरीतकीच्या फलश्रुतीत आणि पांडुचिकित्सेतील एका योगाच्या फलश्रुतीत सामासिक पदात दडलेला आमवात सापडला. लगेच दोन्ही स्थाने आम्ही छापील प्रतीत उघडून पाहिली. यंत्र तेच होते, मुलगीही तीच होती; या वेळी मात्र काय विचारावे हे तिला व्याकरणाने सांगितले आणि उत्तर खरे की खोटे हे ग्रंथाने.

तिच्या प्रबंधात त्या पानावर आता असे लिहिलेले आहे की, चरकसंहितेत आमवाताचे स्वतंत्र निदान व लक्षणे आढळत नाहीत. परंतु तो शब्द योगांच्या फलश्रुतीत येतो, त्यावरून ही संज्ञा परिचित असावी. व्याधीचे सविस्तर वर्णन माधवनिदानात मिळते. त्याखाली आवृत्ती आणि पाने दिली आहेत. हा मजकूर बनावट श्लोकापेक्षा लांबीने थोडा आणि मोलाने फार अधिक आहे. कारण तो कोणीही वैद्य, कोणत्याही दिवशी, ग्रंथ उघडून पडताळू शकतो.

आपल्या शास्त्राच्या प्रामाण्याविषयी बाहेरचे लोक प्रश्न विचारतात, तेव्हा आपण आप्तोपदेशाचा दाखला देतो. आप्ताच्या तोंडी त्याने न म्हटलेले शब्द घालू लागलो, तर तो दाखलाही आपल्या हाती राहणार नाही. ग्रंथालयातील संहिता ही शेकडो वर्षे हातांनी उतरवून, टीकाकारांनी पारखून आणि संपादकांनी शुद्ध करून आपल्यापर्यंत पोहोचविलेली ठेव आहे. येत्या गुरुवारी, किंवा आपल्याला सोयीच्या कोणत्याही वारी, आपल्याकडे येणाऱ्या एका तरी विद्यार्थ्यास शेजारी बसवावे, ग्रंथ उघडावा आणि त्याच्या लिखाणातील एका ओळीवर बोट ठेवून विचारावे, "हे वचन कोणाचे?" आणि त्याने उलट आपल्याला तोच प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याची तयारी ठेवावी.